लकवा मारल्यावर आपण म्हणतो ‘आधी आराम करू द्या’, उंदरांवरचे प्रयोग मात्र वेगळंच सांगतात

घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की पुढचं चित्र साधारण ठरलेलं असतं. आधी धावपळ, ॲम्ब्युलन्स, सीटी स्कॅन, आयसीयू. मग काही दिवसांनी डिस्चार्ज. पेशंट घरी येतो, हॉलमध्ये पलंग टाकला जातो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तोच सल्ला देऊन जातो, “आता दोन-तीन महिने काही करू नका. आराम करू द्या. अंगात ताकद आली की मग बघू व्यायामाचं.”

सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, त्याबद्दल शंका नाही. अडचण अशी आहे की ज्या दोन-तीन महिन्यांत आपण पेशंटला आडवं ठेवतो, तेच महिने हात-पाय परत मिळवण्यासाठी सगळ्यात मोलाचे असण्याची शक्यता आहे. आणि ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला मोठा हातभार लागला तो साखरेच्या गोळीसाठी धडपडणाऱ्या उंदरांचा.

आता तुम्ही म्हणाल, उंदराला कुठला लकवा आणि त्याचा आपल्याशी काय संबंध? तेच बघू.

फटीतून गोळी उचलणारा उंदीर

एक पारदर्शक पेटी डोळ्यांसमोर आणा. समोरच्या भिंतीला बोटभर रुंदीची उभी फट. फटीच्या बाहेर छोटी फळी आणि त्यावर साबुदाण्याएवढी साखरेची गोळी. आतला उंदीर वास घेतो, पुढचा एक पंजा उचलतो, फटीतून बाहेर काढतो, बोटं पसरतो, तळवा खाली वळवून गोळी पकडतो, मग तळवा वर वळवत ती तोंडाशी आणतो. डोळ्यांचं पातं लवेपर्यंत काम झालेलं असतं.

कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातले इयान व्हिशॉ यांनी वर्षानुवर्षं हीच एक हालचाल चित्रित केली आणि ती फ्रेम-फ्रेमने थांबवून पाहिली. त्यांच्या लक्षात आलं की उंदराचा पंजा आणि आपला हात घास उचलताना बऱ्याच सारख्या पद्धतीने वळतात. म्हणजे मेंदूतला हाताचा ताबा बिघडला तर काय होतं, हे उंदरात बारकाईने पाहता येतं.

बाकीच्या चाचण्याही अशाच घरगुती वाटाव्यात अशा आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उंदराला अरुंद चौथऱ्यावर बसवतात. दोन्ही बाजूंना खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या असतात आणि पायरी-पायरीवर गोळ्या ठेवलेल्या असतात. डावीकडच्या गोळ्या डाव्याच पंजाने निघतात, उजवीकडच्या उजव्याच. कुठल्या पायरीपर्यंत पंजा पोहोचला, हे मोजलं की झालं. दुसरी चाचणी याहून सोपी. उंदराला काचेच्या नळकांड्यात सोडायचं. तो मागच्या पायांवर उभा राहून भिंतीला पंजे टेकवतो. दुखावलेल्या बाजूचा पंजा तो किती वेळा टेकवतो, हे मोजायचं. त्याला काही शिकवावं लागत नाही.

पण हे सगळं कशाला? उंदीर चालतो का, एवढं पाहिलं तर पुरत नाही का?

नाही पुरत. झटका दिल्यानंतर काही दिवसांतच उंदीर पिंजऱ्यात छान पळायला लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, झाला बरा. उंदराचं चालणं मेंदूच्या वरच्या थरावर आपल्याइतकं अवलंबून नसतं, म्हणून ते लवकर सुधारतं. नुकसान कुठे झालंय ते कळतं बोटांच्या कामात.

झटका देतात कसा, हेही सांगायला हवं. उंदराला पूर्ण भूल दिलेली असते. एका पद्धतीत मानेतल्या रक्तवाहिनीतून बारीक धागा सरकवून मेंदूच्या मधल्या धमनीचा रक्तपुरवठा काही काळ अडवतात. दुसऱ्या पद्धतीत रक्तात एक गुलाबी रंगद्रव्य सोडतात आणि कवटीवरच्या ठरावीक जागी प्रकाश पाडतात. त्या जागेपुरत्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. पंजा हलवणारा नेमका भाग निकामी करायचा असेल तर ही पद्धत बरी पडते. वाचताना अंगावर काटा येतो हे खरंच. म्हणूनच अशा प्रयोगांना नियमांची चौकट आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली त्यासाठी स्वतंत्र समिती आहे. वेदना कमीत कमी, प्राणी कमीत कमी आणि दुसरा मार्ग असेल तर प्राणी नकोच, हे तत्त्व १९५९ पासून मांडलं गेलंय. ते कितपत पाळलं जातं यावर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत.

पाचवा दिवस, चौदावा दिवस, तिसावा दिवस

२००४ मध्ये कॅनडातल्या डेल कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. व्यायाम तोच, वेळही तेवढाच, फक्त सुरुवात उशिरा केली तर काय फरक पडतो?

झटका दिलेल्या उंदरांचे गट केले. व्यायाम म्हणजे काय, तर शिड्या, नळ्या, खेळणी आणि सोबती असलेला प्रशस्त पिंजरा, शिवाय रोज पंजाने गोळ्या काढण्याचा सराव. असे पाच आठवडे. एका गटाला हे झटक्यानंतर पाचव्या दिवशी सुरू केलं, दुसऱ्याला चौदाव्या दिवशी, तिसऱ्याला तिसाव्या दिवशी. तुलनेसाठी काही उंदीर साध्या पिंजऱ्यात नुसते सोबत्यांबरोबर ठेवले.

पाचव्या दिवशी सुरुवात केलेले उंदीर चांगलेच सुधारले. चौदाव्या दिवसाचा गट मध्यम. आणि तिसाव्या दिवशी सुरुवात केलेले? त्यांच्यात आणि काहीच विशेष न मिळालेल्या उंदरांत फरक दिसला नाही. पाच आठवडे तोच सराव करूनही. मेंदू तपासल्यावर दिसलं की लवकर सुरुवात झालेल्यांमध्ये न दुखावलेल्या बाजूच्या चेतापेशींना नव्या फांद्या फुटल्या होत्या. उशिरा सुरुवात झालेल्यांमध्ये तसं दिसलं नाही.

हे का होतं? झटक्यात मेंदूचा एक तुकडा मरतो, तो परत येत नाही. पण आजूबाजूच्या भागात काही आठवडे विलक्षण हालचाल सुरू असते. वाढीशी संबंधित जनुकं जागी होतात, चेतापेशींचे तंतू नवीन वाटा शोधतात, जुने जोड मोडतात, नवे जुळतात. एरवी बालपणात दिसणारी ही लवचिकता मेंदूला थोड्या काळासाठी परत मिळते. त्या काळात पंजाकडून जसं काम करून घ्याल, तशी नवी जुळणी होते. नंतर माती घट्ट होत जाते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीव्हन झायलर, जॉन क्राकॉअर आणि सहकाऱ्यांनी याहून छोट्या जातीच्या उंदरांवर जे पाहिलं, ते तर चक्रावून टाकणारं आहे. झटक्यानंतर एक-दोन दिवसांत सराव सुरू केला की उंदीर पूर्ववत गोळी उचलायचे. आठवडाभर उशीर केला की अर्धवट सुधारून अडकायचे. मग अशा अडकलेल्या उंदरांना त्यांनी मेंदूच्या दुसऱ्या एका ठिकाणी पुन्हा झटका दिला आणि लगेच सराव सुरू केला. पहिल्या झटक्याने गेलेली हालचाल परत आली! म्हणजे दुसऱ्या इजेने ती लवचिकता पुन्हा जागी केली. हा उपचार म्हणून कुणी कधीच वापरणार नाही, उघड आहे. पण उशीर झालेल्या मेंदूत क्षमता संपलेली नव्हती, फक्त दार लागलेलं होतं, एवढं त्यातून कळलं.

मग पहिल्याच दिवशी जोर लावायचा का?

थांबा. इथेच बरेच जण चुकतात.

१९९६ मध्ये टेक्सासमधल्या टिमोथी शॅलर्ट यांच्या गटाने मेंदूला एका बाजूला इजा झालेल्या उंदरांचा चांगला पंजा लगेच प्लास्टरमध्ये अडकवून ठेवला, पंधरा दिवस. हेतू हा की दुबळ्या पंजालाच सगळं काम करावं लागावं. तर्क बरोबर वाटतो ना? पण झालं उलटंच. मेंदूतली जखम आणखी पसरली आणि पंजाची अवस्था बिघडली. ताज्या जखमेच्या कडेला तग धरून असलेल्या पेशींवर फार लवकर, फार जास्त ताण पडला होता.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पेरणीला वाफसा लागतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं, माती सुकून गेल्यावर पेरलं तर उगवत नाही.

माणसांतही तसंच दिसलं. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या एका मोठ्या चाचणीत पाच देशांतले २,१०४ पेशंट होते. निम्म्यांना झटक्यापासून २४ तासांच्या आत अंथरुणातून उठवून वारंवार बसवणं, उभं करणं, चालवणं सुरू केलं. बाकीच्यांना नेहमीची काळजी. २०१५ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी नेहमीच्या काळजीतले ५० टक्के पेशंट चांगल्या अवस्थेत होते, लवकर आणि जोरात उठवलेल्यांपैकी ४६ टक्के. फरक छोटा, पण चुकीच्या दिशेने. याचा अर्थ ‘हलवूच नका’ असा नाही, कारण दुसऱ्या गटालाही पहिल्या एक-दोन दिवसांत उठवलंच जात होतं. फक्त मारा कमी होता.

झुरिकमधल्या मार्टिन श्वाब यांच्या प्रयोगशाळेचं कामही याच वळणाचं आहे. मेंदूत चेतातंतूंच्या वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन असतं. ते अडवणारं प्रतिपिंड त्यांनी झटका आलेल्या उंदरांना दिलं. औषध आणि सराव दोन्ही एकत्र दिल्यावर जास्त फायदा व्हायला हवा होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल मात्र असा: आधी औषध देऊन तंतू वाढू दिले आणि नंतर सराव दिला, ते उंदीर जवळजवळ पूर्ववत झाले. दोन्ही एकाच वेळी मिळालेल्यांची कामगिरी वाईट होती आणि तंतू भलतीकडेच वाढलेले होते. औषध तेच, सराव तोच. फक्त क्रम बदलला.

उंदराचं माणसाला लागू पडतंच असं नाही

स्ट्रोकच्या संशोधनाचा इतिहास या बाबतीत फार नम्र करणारा आहे. २००६ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा झटक्यावर तपासलेले तब्बल १,०२६ उपाय त्यांच्या यादीत होते. उंदरांत चमकलेले त्यातले कित्येक माणसांत फुसके ठरले.

कारणं डोळ्यांसमोर आहेत. प्रयोगातला उंदीर बहुतेकदा तरुण, नर आणि धडधाकट असतो. आपला पेशंट साठी ओलांडलेला, बीपी आणि शुगरवाला. उंदराचा मेंदू गुळगुळीत, त्यात लांब तंतूंच्या पांढऱ्या भागाचा वाटा फार कमी. आपल्या मेंदूत तो जवळपास निम्मा आहे आणि झटक्यात बऱ्याचदा तोच मारला जातो. बोटांकडे थेट जाणारे मेंदूचे तंतू आपल्याला असतात, उंदराला नसतात. शिवाय उंदराचे पाच दिवस म्हणजे माणसाचे पाच दिवस नव्हेत.

फ्लुओक्झेटिनचं उदाहरण घ्या. हे नैराश्यावरचं जुनं औषध. वर सांगितलेल्या हॉपकिन्सच्या उंदरांत ते दिल्यावर आठवडाभर उशिरा सुरू केलेला सरावही उपयोगी पडला. माणसांवरच्या एका छोट्या चाचणीतही आशा दिसली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ पेशंटवर सहा महिने ते दिलं गेलं. दैनंदिन कामं करण्याच्या क्षमतेत काहीच फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा ‘लकव्याची गोळी’ म्हणून कुणी हे नाव फॉरवर्ड केलं तर तिथेच थांबवा. माझ्या मते त्या चाचणीत एक गोष्ट हातातून निसटली. उंदरांना गोळीबरोबर रोजचा कसून सराव होता. पेशंटना गोळी मिळाली, पण तेवढा सराव प्रत्येकाला मिळेल अशी रचना नव्हती.

सरावाच्या मात्रेवरून आठवलं. २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सात केंद्रांत कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सत्रांमध्ये बसून सरळ मोजणी केली. हाताची कामाची हालचाल करून घेतली गेली अशा सत्रांत ती सरासरी किती वेळा झाली? ३२ वेळा. प्रयोगशाळेतला उंदीर एका दिवसात शेकड्यांनी पंजा पुढे करतो. ही तफावत वाचून मी दोनदा तपासलं.

बरं, माणसांत ‘कधी’चं उत्तर मिळालं का?

बऱ्याच अंशी. अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या गटाने कॉर्बेटचा उंदरांचा प्रयोग जवळपास जसाच्या तसा माणसांवर उतरवला. ठिकाण वॉशिंग्टन डीसी. ७२ पेशंट. नेहमीच्या थेरपीवर हाताच्या कामांचा २० तास जास्तीचा सराव, तोही पेशंटने स्वतः निवडलेल्या कामांचा. एका गटाला पहिल्या ३० दिवसांत, दुसऱ्याला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर. चौथ्याला जास्तीचं काहीच नाही.

२०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हाताच्या कामाला ५७ पैकी गुण देणारी एक प्रमाणित चाचणी आहे. झटक्यानंतर वर्षाने पाहिलं तर दोन-तीन महिन्यांच्या गटाला, जास्तीचं काही न मिळालेल्यांपेक्षा साधारण सात गुणांचा फायदा होता. पहिल्या महिन्यातल्या गटाला साधारण पाच. सहा महिन्यांनंतरच्या गटाला दोनच्या आसपास, जो योगायोगही असू शकतो. चाचणी लहान आहे, चार गटांत ७२ जण म्हणजे फार नव्हेत. पण उंदरांत दिसलेला आकार माणसांत दिसला, फक्त तारखा पुढे सरकल्या.

म्हणजे ‘दोन-तीन महिने आराम’ नेमका कुठे बसतो बघा.

आणखी एक गोष्ट व्हिशॉंच्या उंदरांनी शिकवली, ती घरोघरी पाहायला मिळते. झटक्यानंतर काही आठवड्यांनी काही उंदीर पुन्हा तेवढ्याच गोळ्या मिळवायला लागतात. आकडा पाहिला तर बरे झाले. पण संथ गतीने चित्रफीत पाहिली तर पंजा वळतच नसतो, उंदीर सगळं अंग वळवून गोळी ओढून घेत असतो. हे बरं होणं नव्हे, भागवून नेणं आहे. आपल्याकडे बाबा ग्लास उचलायला लागले म्हणून सगळे खूश होतात. कोपर सरळ होतंय की खांदा उचलून आणि कंबरेतून पुढे वाकून ग्लासापर्यंत पोहोचताहेत, हे कुणी पाहत नाही. भागवून नेणं वाईट नाही, कित्येकांना तोच आधार असतो. पण सुरुवातीच्या महिन्यांत सगळी कामं चांगल्या हातावर ढकलली तर दुबळ्या हाताला शिकायची पाळीच येत नाही. डबा उघडून देणं, शर्टाची बटणं लावून देणं, घास भरवणं, हे सगळं आपण मायेने करतो आणि नकळत त्या हाताचा सराव काढून घेतो.

तुमच्या घरात झटका येऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तर एवढं वाचून खट्टू होऊ नका. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये झटक्यानंतर सरासरी दीड वर्षाने आलेल्या पेशंटनी तीन आठवड्यांत ९० तास हाताची थेरपी घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २२४ जणांची माहिती आहे. त्यांच्यात कामाला येईल इतकी सुधारणा दिसली आणि सहा महिन्यांनीही ती टिकून होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. शिवाय तिथे मात्रा आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची नव्हती, रोज काही तासांची होती. दार लागलेलं असताना ढकलायला जोर जास्त लागतो, असं समजा.

आणि ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलंय त्यांनी डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना काही गोष्टी नीट विचारून घ्याव्यात. सराव कधीपासून आणि रोज किती? त्यात हाताचं काम किती, की नुसतं चालणंच? कुठली हालचाल किती वेळा करून घ्यायची? कशाने खांदा दुखावू शकतो? बीपी कितीच्या वर गेलं तर थांबायचं? घरी येणारा फिजिओ आठवड्यातून दोनदाच येणार असेल, तर मधल्या पाच दिवसांत घरच्यांनी काय करून घ्यायचं? उत्तरं कागदावर लिहून घ्या, कारण त्या दिवशी काहीही लक्षात राहत नाही.